प्रभूच्या मेजावरचा पोचा

मार्शवेल, १४ एप्रिल १७४१

जेरेड,

तुझं सांत्वनाचं पत्र मिळालं. चार ओळी सांत्वन आणि दोन पानं बॉस्टनच्या थंडीची, तेव्हा तू बरा आहेस असं धरून चालते. मीही बरी आहे. ओबेडला जाऊन नऊ आठवडे झाले. खाणावळ चालू आहे. माझ्या दुःखाचं गावाला फार वाईट वाटतं, आणि ते रोज संध्याकाळी येऊन, रम पिऊन, मला तसं सांगून जातात.

आता तुझ्या दाजींचा शेवटचा पराक्रम ऐक. परवा मृत्युपत्र वाचलं. खाणावळ मला, होडी पुतण्याला, आणि चांदीचा झाकणाचा पेला कुणाला? चर्चच्या मंडळीला! प्रभुभोजनाच्या मेजासाठी! अरे, तो बाबांनी माझ्या लग्नात दिलेला पेला. कायद्याने तो ओबेडचा, कारण कायद्याने मीही त्याचीच होते. आणि वर लिहून काय ठेवलंय? 'पेला आहे तसाच द्यावा.' म्हणजे उजळायला चार पैसेही खर्च नकोत. मरतानासुद्धा कंजूषपणा सुटला नाही मेल्याचा!

तू लहान होतास तेव्हा बाबांनी तुला एवढंच सांगितलं होतं, की ताईचं चर्चशी भांडण झालं. त्या भांडणाला आता तेवीस वर्षं झाली. 'मी एलिफलेट क्रेनवर खोटा आळ घेतला' असं सगळ्या मंडळीसमोर उभं राहून म्हटल्याशिवाय मला मेजावर जागा नाही. मी ते म्हणणार नाही, कारण आळ खोटा नव्हता. आता तो एलिफलेट डीकन झालाय, मेजावर पेला फिरवणारा. म्हणजे यापुढे मी चर्चच्या माडीवर पोरासोरांत बसायचं, आणि माझ्याच पेल्यातून खाली अख्खं गाव प्रभूचा द्राक्षारस पिणार, तोही क्रेनच्या हातून. ओबेड तिथेच बसून तेवीस वर्षं प्यायला. मला म्हणायचा, 'हिटी, म्हणून टाक ना एकदाचं, चार शब्द तर आहेत.' एकदा तरी त्याने माझी बाजू घ्यावी असं फार वाटायचं रे.

असो. सबमिट वहिनीला सांग, तिने पाठवलेला मुरंबा पोचला. बरणी फुटली, मुरंबा वाचला.

तुझी ताई,
हिटी

•

मार्शवेल, २० एप्रिल १७४१

श्रीयुत जेरेड विन्स्लेड, सोनार, बॉस्टन यांस,

कै. कॅप्टन ओबेडाया ट्रास्क यांनी आमच्या मंडळीस दिलेला चांदीचा पेला सोबतच्या गाडीवानाबरोबर पाठवीत आहे. आमच्या मेजावर आजवर कथलाचीच भांडी होती. पलीकडच्या डनफोर्डच्या मंडळीकडे चांदीची चार पात्रं आहेत, आणि ते लोक ती गोष्ट विसरू देत नाहीत. प्रभूच्या घरी स्पर्धा नसावी हे खरं, परंतु चारास शून्य म्हणजे फारच झालं.

सदर पेला एका गुत्त्यात वापरला गेल्याने त्याची अवस्था शोचनीय आहे. सर्व ओरखडे घालवून, तो उजळून, त्यावर 'कॅप्टन ओबेडाया ट्रास्क यांची मार्शवेलच्या मंडळीस देणगी' असं सुबक अक्षरांत कोरावं. कानाच्या डावीकडे एक पोचा आहे. तो मुळीच राहू नये. याबाबत मी विशेष आग्रही आहे.

प्रभूचा नम्र सेवक,
एलिफलेट क्रेन, डीकन

•

बॉस्टन, ११ मे १७४१

हिटीताई,

पेला ओळखला! बाबांच्या मांडीवर बसून मी त्यातून सफरचंदाचं सायडर चोरून प्यायचो. तुझ्या त्या डीकनने तो माझ्याकडेच पाठवला. बहुतेक मी तुझा भाऊ म्हणून कमी पैसे घेईन या आशेवर. मी पैसेच घेणार नाही. दाजींनी उजळायलाही काही ठेवलं नाही असं तू लिहिलंस ना? मग ही माझी भेट समज. गावात कुणी म्हणायला नको की ट्रास्कच्या बायकोने डबडं दिलं.

काय रूप आलंय म्हणून सांगू! झाकणाची बिजागरी नवीन केली. ओरखडे गेले. आणि तो पोचा, तो तर असा काढला की मला स्वतःलाच जागा सापडेना. आतून वाकडी सळई घालून हळूहळू ठोकत चार दिवस घालवले. मजेशीर पोचा होता बरं का. भांडं दगडावर पडलं तर चांदीला कड येते, घडी पडते. हा गोल, गुळगुळीत, उथळ. दाजींनी भोपळ्यावर आपटला होता की काय? नाव कोरायचं राहिलंय, ते झालं की पाठवतो.

आता खूश ना?

तुझा
जेरेड

•

मार्शवेल, १९ मे १७४१

गाढवा!

खूश? तुझं पत्र वाचून मी काउंटरमागे खालीच बसले. गिऱ्हाइकांना वाटलं, मी ओबेडसाठी रडतेय. त्यांनी बिचाऱ्यांनी आणखी एकेक पेला मागवला.

आता नीट ऐक, कारण हे मी कधी कुणाला लिहिलेलं नाही. सतराशे अठराच्या शरदात ओबेड समुद्रावर होता. मी तळघरात सायडरच्या पिंपाशी पेला भरत होते. एलिफलेट मागून उतरला. तेव्हा तो डीकनचा मुलगा होता, डीकन नव्हता. त्याने दार लावलं आणि मला धरलं. पेला भरलेला होता, हात मोकळा होता, आणि त्याचं कपाळ जवळ होतं. मी हाणला. तो रक्ताळलेल्या तोंडाने मागच्या दाराने पळाला.

मी हे मंडळीसमोर सांगितलं. तो काय म्हणाला? 'मी त्या तळघरात आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही. कपाळाला फांदी लागली. पेला बाईच्या हातून जिन्यावर पडला असेल, तिथे दगडी पायऱ्या आहेत.' त्याचा बाप समोरच्याच बाकावर. कुणाचं खरं धरायचं यावर कुणाला फार विचार करावा लागला नाही. माझ्यावर खोटी साक्ष दिल्याचा ठपका, मंडळीच्या वहीत नाव, मेजावरून हकालपट्टी. त्याने दुसऱ्याच वर्षी केसांचा टोप घालायला सुरुवात केली, इथल्या लोकांना वाटतं ऐटीसाठी.

तेवीस वर्षं मी तो पेला फडताळात पोचा बाहेर करून ठेवला. दगडाने कड पडते, हा गोल आहे, हे मला तेव्हा कुणी सोनाराने सांगितलं असतं तर! आता सांगतोस? आणि सांगून झाल्यावर ठोकून सरळ करतोस? माझा एकुलता एक साक्षीदार होता तो, जेरेड. तुझ्या हातचा मार खाऊन मुका झाला.

मला कुणाचा सूड नको. मला फक्त खोटारडी न म्हणवता खाली जाऊन बसायचंय. आता ते राहिलंच.

सबमिटला हे पत्र दाखवू नकोस. किंवा दाखव. मला काय.

हिटी

•

बॉस्टन, २ जून १७४१

ताई,

आठ दिवस लेखणी उचलायची हिंमत झाली नाही. सबमिटने पत्र वाचलं आणि मला दोन दिवस फक्त उकडलेले बीन्स वाढले. बरोबरच केलं तिने. चुकलो. तू मला गाढव म्हणालीस तेही थोडं सौम्यच.

पण आता ऐक काय झालं ते. काल तुझा डीकन माझ्या दुकानात आला. नवी टोपी घ्यायला बॉस्टनला आला होता म्हणे, जाता जाता काम बघायला डोकावला. मी पेला त्याच्या हातात दिला. ताई, गिऱ्हाईक पेला हातात घेतं तेव्हा आधी झाकण उघडतं. चाळीसपैकी चाळीस माणसं झाकण उघडतात. या बाबाने झाकणाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचा अंगठा सरळ कानाच्या डावीकडे गेला, आणि तिथे सपाट चांदीवर नुसता फिरत राहिला. मग त्याने असा श्वास सोडला की माझ्या भट्टीला भाता लागला नसता. 'छान, छान,' म्हणाला. कपाळाला हात लावून टोप सारखा केला.

पोच्याची जागा त्याला ठाऊक होती, पत्रात लिहिलीच होती. पण तो गेला की नाही याची एवढी धास्ती का?

तो गेल्यावर मी तुझं एप्रिलचं पत्र काढून पुन्हा वाचलं. 'पेला आहे तसाच द्यावा.' ताई, आपण दोघंही मूर्ख. हा कंजूषपणा नाही. दाजी आयुष्यभर गलबताचे दोर बांधत आले, एक गाठ विनाकारण मारली नाही त्यांनी. ज्या माणसाने पोचा पाडायला लावला, त्याच्याच हातात तो पोचा दर दोन महिन्यांनी प्रभूच्या मेजावर यावा, हीच व्यवस्था केली होती त्यांनी! तोंडाने कधी तुझी बाजू घेतली नाही, ती अशी घेतली. आणि डीकनने मला लिहिताना ते दोन शब्द सोयीने गाळले.

आता मृत्युपत्र म्हणतं 'आहे तसाच', तर मला तो 'होता तसाच' करावा लागेल. शेजारी ग्रिड्ली टोपीवाला आहे. डीकनच्या टोप्या तोच करतो. त्याच्याकडे डीकनच्या डोक्याच्या मापाचा लाकडी ठोकळा आहे. ग्रिड्लीने विचारलं, 'टोपासकट माप हवं की टोपाविना?' मी म्हटलं, टोपाविना. बोल, करू?

जेरेड

•

मार्शवेल, ९ जून १७४१

जेरेड,

कर.

पाणी भरून हाण, तेव्हा भरलेला होता. पेला कानाला धर, उजव्या हाताने, थोडा वरून खाली. मनात राग हवा. तो येत नसेल तर क्रेनचं वीस एप्रिलचं पत्र समोर ठेव.

आणि एक गोष्ट बहीण म्हणून विचारते, ही लबाडी तर नाही ना? मी रात्रंदिवस हाच विचार करतेय. मग म्हटलं, जे डोकं होतं तेच डोकं आहे, जो पेला होता तोच पेला. फक्त या खेपेला डोकं आरडाओरडा करणार नाही. पण पाळकांना खरं काय ते लिहून कळव. हे पाळक मिस्टर लोथ्रॉप नवे आहेत, तरुण आहेत, आणि क्रेनच्या बापाचं काही देणं लागत नाहीत.

ओबेडच्या थडग्यावर गेले होते. म्हटलं, 'मेल्या, तेवीस वर्षं एका बिछान्यात झोपलास, तोंडाने सांगायला काय झालं होतं?' मग बराच वेळ तिथेच बसले. डास फार होते.

हिटी

•

बॉस्टन, २० जून १७४१

ताई,

पहिला ठोका हलका पडला. दुसऱ्यात बसला. अंगठा ठेवून पाहिला, नेमका. ग्रिड्ली म्हणाला, एवढी मजा त्याला टोप्या करताना कधी आली नाही.

पेला आज गाडीवानाबरोबर थेट पाळकांच्या घरी जातोय. सोबत पाळकांना लिहिलंय ते असं: 'मृत्युपत्रात पेला आहे तसाच द्यावा असं म्हटलं आहे. माझ्या हातून चुकून एक पोचा निघाला होता. तो मी पूर्ववत केला आहे. जुना पोचा गोल होता, दगडाचा नव्हता, हे मी धंद्याने सोनार म्हणून शपथेवर सांगायला तयार आहे.' डीकनचं नाव लिहिलेलं नाही. ते काम आपलं नाही.

जेरेड

•

मार्शवेल, ७ जुलै १७४१

जेरेड,

रविवारी मेज मांडलं. मी माडीवर पहिल्या रांगेत, हातमोज्यांसकट. पाळकांनी मृत्युपत्रातली ओळ मोठ्याने वाचून दाखवली, 'आहे तसाच', आणि पेला डीकनच्या हातात दिला. कापड काढताना डीकनचा चेहरा उजळला होता. कापड निघालं आणि चेहऱ्याचं पीठ झालं.

बोलणार काय? 'हा पोचा तर मी काढायला सांगितला होता' म्हणाला असता तर पुढचा प्रश्न आलाच असता, की का बुवा? बिचाऱ्याने पेला घेतला. अंगठा गेलाच तिथे. रिवाज असा की आधी डीकनने घोट घ्यायचा, मग बाकांवर फिरवायचा. त्याने पेला ओठांपर्यंत नेला, थांबला, आणि घोट न घेताच पुढे दिला.

तुला बॉस्टनमध्ये कळणार नाही याचा अर्थ. इथे मेजावर बसून न पिणं म्हणजे आपल्या मनात पाप आहे असं आपणच दवंडी पिटणं. सोमवारी दुपारपर्यंत खाणावळीत दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं चोरी, कुणी म्हणालं डनफोर्डची एक विधवा. मी बाटल्या पुसत गप्प बसले. एवढी गप्प मी जन्मात कधी बसले नव्हते, दात दुखायला लागले.

हिटी

•

मार्शवेल, ५ सप्टेंबर १७४१

श्रीयुत विन्स्लेड यांस, खासगी,

पेल्यावरील पोचा हा प्रभूच्या मेजास शोभा देत नाही, असं माझं प्रामाणिक मत झालं आहे. तो काढून टाकण्याचा खर्च मी स्वतः देईन, दुप्पट देईन. मी पेला दुरुस्तीच्या निमित्ताने गुपचूप पाठवू शकेन. मला अलीकडे झोप लागत नाही. दुसऱ्या वेळीही मी पिऊ शकलो नाही. कृपया उलट टपाली कळवावं.

ए. क्रेन

•

बॉस्टन, १२ सप्टेंबर १७४१

डीकन क्रेन यांस,

पोचा काढणं सोपं आहे, मी एकदा काढला आहे. पण मृत्युपत्र मोडायला मला मंडळीची लेखी परवानगी हवी, आणि पोचा ज्यांनी पाडला त्यांची. त्या तुमच्या प्रार्थनाघरापासून सत्तर पावलांवर राहतात. दुप्पट पैसे ठेवून घ्या.

झोपेसाठी गरम सायडर चांगलं. ते कुठे मिळतं तुम्हाला ठाऊक आहे.

जे. विन्स्लेड

•

मार्शवेल, १० नोव्हेंबर १७४१

जेरेड,

बस आधी.

क्रेनला तू काय लिहिलंस देव जाणे, पण गेल्या बुधवारी तो खाणावळीत आला. तेवीस वर्षांनी पहिल्यांदा उंबरा ओलांडला. म्हणाला, 'गरम सायडर.' मी दिलं. त्याने ते घेतलं, तळघराच्या दाराकडे बघितलं, प्यायलं आणि गेला. पैसे ठेवायलाही विसरला.

रविवारी मेज होतं. पेला हातात घेण्याआधीच क्रेन उभा राहिला. पाळकांना वाटलं काही दुखतंय. त्याने डोक्यावरचा टोप काढला. जेरेड, केस नाहीतच, आणि कपाळावर वर, डावीकडे, एक पांढरी खूण. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पेल्याकडे बघत म्हणाला, 'मी तळघरात गेलो होतो.'

एवढंच. तेवीस वर्षं माझ्याकडून चार शब्द मागत होते, शेवटी त्यालाच म्हणावे लागले.

मग पाळकांनी वही मागवली, माझ्यावरच्या ठपक्यावर सगळ्यांसमोर काट मारली, आणि वर माडीकडे बघून म्हणाले, 'मिसेस ट्रास्क, खाली या.' मी उतरले. जिना किती करकरतो हे मला कधी कळलंच नव्हतं. खाली ओबेडची जागा रिकामीच ठेवली होती बाकावर. बायकांच्या बाजूला नव्हे, पुरुषांच्या. मी तिथेच जाऊन बसले. कुणी उठवलं नाही.

क्रेनने स्वतः पेला आणून दिला. मी घेतला. द्राक्षारस म्हणशील तर पाणी निम्मं, डीकनच्या बायकोचंच काम असणार ते. माझ्या खाणावळीत असं वाढलं असतं तर लोकांनी मला मारलं असतं. तरी प्यायले. आणि रडले. हे लिहून ठेव कुठेतरी, कारण मी पुन्हा कबूल करणार नाही.

क्रेनचं आता काय करायचं ते मंडळी ठरवेल. सहा महिने मेजावरून उठवतील बहुतेक. मी म्हटलं, तेवीस वर्षं नको, माडीवर डास चावतात.

आणि तुझं पत्र काल मिळालं. 'पेला परत पाठव, दाजींच्या नावाखाली तुझंही नाव कोरतो,' असं तू म्हणतोस. मोलाचं बोललास. पण पेला आता मेजावरच राहू दे. ओबेडचं नाव तुझ्या छिन्नीचं आहे, झाकणाची बिजागरी तुझी आहे, आणि माझं काय ते मी सतराशे अठरालाच केलंय. बोटाने चाचपलं की सापडतं.

तुझी ताई,
हिटी